कैफियतीतली विहीर

कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला बाकं होती म्हणे. आई दर तारखेला विचारायची, "बसायला तरी मिळतं का गं तिथं?" आणि मला सांगता यायचं नाही, कारण मी कधी बसलेच नव्हते. आमच्या नावाचा पुकारा होईपर्यंत मी जिन्यापासून पाण्याच्या माठापर्यंत आणि माठापासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालायचे. आमचे वकील चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ताई, तुम्ही फिरलात म्हणून आपला नंबर लवकर येत नाही." ते मलाही ठाऊक होतं. पण पाय ऐकायचे नाहीत. वडिलांचे पाय गेल्यापासून घरातलं सगळं चालणं माझ्याच वाट्याला आलं होतं की काय, कोण जाणे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते विजेच्या खांबांवर चढणारे वायरमन होते. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते खांबावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्यांना तिथून पाठीवर घेऊन चिखलातून रस्त्यापर्यंत आणणारा माणूस त्यांच्याच कामाच्या गँगमधला होता आणि आमच्या घरापुढेच राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नात्याचे नव्हते. पण कळवण तालुक्यातल्या एकाच गावातल्या एकाच वस्तीतून दोघं तरणेताठे असताना एकाच एस.टी.नं नाशिकला आले, एकाच गँगमध्ये लागले आणि पुढं दोघांनी मिळून एकच प्लॉट घेतला. पुढची बाजू काकांची, मागची आमची. मागची दादांनी आपणहून मागून घेतली, तिथं शेवग्याचं झाड होतं म्हणून. आम्हाला रस्त्यावर यायला काकांच्या घराच्या कडेनं एक बोळ सोडायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे दोघांनी चुन्याची फक्की टाकली आणि चहा प्यायला गेले. कागद केला नाही. मी पुढं कधी त्याबद्दल चिडले की दादा म्हणायचे, "कागद करायला आम्ही काय भांडणार होतो?"

त्या बोळातून दादांची तीनचाकी जायची. हातानं फिरवायची सायकल, उजवीकडे दांडा, चालताना कुरकुरणारी. रोज संध्याकाळी ते तिच्यावरून चौकातल्या विहाराच्या ओट्यापाशी जायचे. तिथं पेपर मोठ्यानं वाचायचे, ऐकणाऱ्यांशी हुज्जत घालायचे, पौर्णिमेला वंदनेला थांबायचे आणि दिवे लागले की परत यायचे. दिवसभर खाटेवर पडलेला माणूस तेवढ्यावर जगायचा. ज्या दिवशी जाणं झालं नाही त्या दिवशी ते धड जेवायचे नाहीत आणि आईशी उगाच मिठावरून वाद काढायचे.

तोवर मी पदवी घेऊन अंबडच्या एका कंपनीत क्लार्क म्हणून लागले होते. अंबडला तेव्हा रोज नवी शेड उभी राहायची, आणि त्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग शहरात कुणी पत्र्याखाली, कुणी गच्चीवर बनवून द्यायचं. काकांच्या मुलानंही लेथ मशीन टाकायचं ठरवलं. घराच्या कडेला शेड घातली आणि तिची भिंत बोळात आली. बोळ बंद झाला असं नाही, हीच तर सगळी गंमत. माणूस जाऊ शकत होता. आई जायची, मी जायचे. कमरेवर कळशी असली तर जरा तिरकं व्हावं लागायचं, एवढंच. तीनचाकी मात्र जात नव्हती.

मी काकांकडे गेले. ते दारात विडी ओढत बसले होते. भिंतीकडे न बघता म्हणाले, "पोराचं हाय ते. मी बोलतो त्याला." मग भिंतीला गिलावा झाला. पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, "मी नेत जाईन की त्याला पाठीवर. रोज नेईन." हे मी घरी येऊन सांगितलं. दादांनी शेवग्याकडे पाहिलं. "एकदा नेलं तेवढं पुरं," म्हणाले.

दावा लावायचं मी ठरवलं. दादांनी मुखत्यारपत्रावर सही केली ती माझी कटकट थांबावी म्हणून. त्यांना कोर्टात नेणं शक्यच नव्हतं, त्यांची वाटच बंद होती, म्हणून त्यांच्या वतीनं मी उभी राहणार होते. आमच्या वकिलांनी दावा साधा आणि स्वच्छ लिहिला. दोन्ही घरं कुठं आहेत, बोळ कधी आणि कसा सोडला, दादा अपंग आहेत, तीनचाकीशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही, भिंतीमुळे तीनचाकी अडते, सबब भिंत काढून वाट पहिल्यासारखी करून द्यावी. प्रत्येक गोष्टीला वेगळं कलम. वाचून मला वाटलं, आता काय राहिलं? समोरच्यानं हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. हे मला वाटलं, कारण मला कोर्ट माहीत नव्हतं.

समोरच्याचं जे उत्तर असतं त्याला कैफियत म्हणतात. ती येईचना. एका तारखेला त्यांचे वकील आजारी, एका तारखेला टायपिस्ट रजेवर, एकदा कागद घरी राहिले, एकदा कुणीच काही सांगितलं नाही, नुसता मुदतीचा अर्ज आला आणि मंजूर झाला. प्रत्येक वेळी मी अर्धी रजा टाकून यायचे. साहेबांनी एकदा विचारलं, "अजून किती दिवस?" मी त्यांच्यावरच खेकसले. तिकडे दादांच्या खाटेजवळ तीनचाकी उभी असायची आणि आई तिच्यावर धुणं वाळत टाकायला लागली होती. त्या धुण्यावरून माझं आणि आईचं कडाक्याचं भांडण झालं. मी ते सगळं उचलून आत फेकलं. आई म्हणाली, "मग आणून दे ना तुझा निकाल." मला रडू आलं ते रागाचं होतं.

आणखी एक गंमत सांगते. कोर्टात जायला आमच्याकडून एकच बस सोयीची होती. त्यामुळे तारखेच्या दिवशी वादीची मुखत्यार आणि प्रतिवादी एकाच स्टॉपवर उभे असायचे. गर्दी असली तर काका पुढं घुसून जागा धरायचे आणि मला म्हणायचे, "बस पोरी." मी बसायचे नाही. ते पण मग बसायचे नाहीत. त्या रिकाम्या जागेवर तिसराच कुणीतरी बसायचा आणि आम्ही दोघं सीबीएसच्या स्टँडपर्यंत दांडा धरून उभे. घरीही तसंच. दावा चालू असताना काकूंकडून मटणाच्या रश्श्याचं पातेलं येत होतं आणि आईकडून शेवग्याच्या शेंगा जात होत्या. मी त्या रश्श्याला हात लावायचे नाही. दादा मात्र चवीनं खायचे आणि मला चिडवायचे, "रस्सा काय प्रतिवादी आहे का?"

शेवटी एकदाची कैफियत आली. वकिलांनी नक्कल माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसऱ्या कामाला आत गेले. मी ती माठाजवळ उभी राहून वाचली. दाव्यातील कलम एकमधील मजकूर खोटा व लबाडीचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम दोनमधील मजकूर खोटा व लबाडीचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. असं खालपर्यंत. पहिल्या कलमात आम्ही फक्त दोन्ही घरं कुठं आहेत ते लिहिलं होतं. म्हणजे काकांना स्वतःचं घर तिथं असल्याचंही मान्य नव्हतं. पुढं गेले तर लिहिलेलं, "सदर विहिरीत वादीचा कोणताही हिस्सा नसून वादीस पाण्याची पाळी कधीही नव्हती व नाही." मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग दाव्याची नक्कल काढून बघितली. विहीर नव्हती. आमच्या दाव्यातच काय, आमच्या सगळ्या कॉलनीत विहीर नव्हती. त्यांच्या वकिलांकडे शेतीची कामं जास्त असायची. कुणाच्या तरी मळ्याची कैफियत समोर ठेवून नावं बदलली होती आणि विहीर तशीच राहून गेली होती.

खाली काकांची सही होती. सहीच्या वर नेहमीचं वाक्य, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.

घरी येऊन मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. विहिरीशी आल्यावर दादा खो खो हसायला लागले. आईला हाक मारून म्हणाले, "अगं ऐकलंस का, आपल्याला विहीर होती. पाण्यासाठी उगाच नळावर मरतेस." मी पण हसले असते, पण मला पुढचं कलम दिसत होतं. ते मी वाचू की नको, असं झालं. दादा म्हणाले, "थांबलीस का? वाच की."

मी वाचलं. "वादी हे अपंग असून त्यांस तीनचाकी सायकलशिवाय घराबाहेर जाता येत नाही हा मजकूर खोटा व काल्पनिक आहे. वादी हे चालत येऊ-जाऊ शकत असून त्यांचे येण्याजाण्यास कोणताही अडथळा नाही."

दादांचं हसू गेलं नाही, तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. आई आतून बाहेर आली होती ती पदराला हात पुसत उभी राहिली. मग दादा म्हणाले, "त्यानं वाचलं नसणार."

"सही आहे खाली."

"सही करतो तो. वाचत नाही. गँगमध्ये पण तसंच. मुकादमानं बोट ठेवायचं आणि ह्यानं सही ठोकायची." ते माझ्याकडे बघून हे सांगत होते, पण पटवत होते स्वतःला. "विहिरीचं वाचलं असतं तर बोलला नसता का? इथं विहीर कुठाय म्हणून?"

मी म्हटलं, "त्यांनी वाचलंय. चांगलं वाचलंय." मला तसं वाटत होतं आणि तसंच असावं असंही वाटत होतं. मला काका मनातून पूर्ण वाईट ठरायला हवे होते, म्हणजे भांडायला सोपं गेलं असतं. त्यानंतर दर तारखेहून आल्यावर दादा बाकी काही विचारायचे नाहीत. भिंतीचं नाही, निकालाचं नाही. "त्याला विचारलंस का गं, वाचलं होतं का?" एवढंच. आणि मी म्हणायचे, "मी प्रतिवादीशी बोलत नाही."

कैफियत वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वकिलांच्या घरी गेले. ते दाढी करत होते. गालावर साबण तसाच ठेवून म्हणाले, "आता मुद्दे निघतील, मग आपला पुरावा, मग त्यांचा. साक्षीदार बघून ठेवा."

"पण ह्यात उत्तर कुठं आहे? बोळ नव्हता असं ते कुठं म्हणतात? नुसतं मान्य नाही, मान्य नाही. आम्ही सूर्य उगवतो लिहिलं असतं तरी मान्य नाही म्हणाले असते."

"नकार आहे ना? मोघम आहे, पण आहे."

"मोघम नकार चालतो का कायद्यात?"

वकिलांनी वस्तरा धुतला. "चालत नाही," म्हणाले. "जी गोष्ट नेमकी नाकारली नाही ती कबूल केली असं धरता येतं. पण आम्ही एकमेकांचं चालवून घेतो."

का चालवून घेतात ते मला पुढं कळलं. ते आणि काकांचे वकील दुपारी एकाच टेबलावर डबा खायचे. आज त्याची कैफियत मोघम, उद्या आपली. एकानं दुसऱ्याच्या कागदात बोट घालायचं नाही, हा तिथला शिष्टाचार होता. बाहेरून गेलेल्या माणसाला तो दिसत नाही. त्याला नुसत्या तारखा दिसतात. मला त्या शिष्टाचाराचा इतका संताप आला की मी म्हटलं, "तुमच्या डब्यासाठी माझ्या बापानं घरात कोंडून पडायचं का?" त्यांच्या बायकोनं आतून डोकावून पाहिलं. वकिलांनी टॉवेलनं गाल पुसले. मी तिथून निघाले ती कंपनीच्या बसमध्येही उभीच राहिले.

पण मी पुन्हा गेले. नंतर पुन्हा. कामावर जायच्या आधी त्यांच्या दारात उभी. शेवटी शेवटी त्यांची बायकोच मला बघून आत हाक मारायची, "अहो, ती विहीरवाली आली." माझ्या त्रासाला कंटाळून म्हणा किंवा त्या विहिरीची त्यांनाही लाज वाटली म्हणून म्हणा, त्यांनी एकदाचा अर्ज लिहिला. प्रतिवादीची कैफियत मोघम आहे, दाव्यातल्या एकाही गोष्टीला नेमकं उत्तर दिलेलं नाही, तरी कोर्टानं प्रतिवादीला समक्ष विचारून त्याला काय कबूल आणि काय नाकबूल ते नोंदवून घ्यावं, आणि जे कबूल होईल त्यावर निकाल द्यावा. टाईप झालेला कागद मला देताना म्हणाले, "आता डबा मी एकटाच खाणार बहुतेक." मला त्यांची तेव्हा दया यायला हवी होती. आली नाही.

त्या अर्जालाही तारखा पडल्या. जज्जसाहेब बदलले. नवे आले ते विदर्भाकडचे होते, बारीक आवाजात बोलायचे आणि समोर आलेला कागद खरंच वाचायचे. आमचा पुकारा झाला तेव्हा मी माठाजवळ होते, धावत आत गेले. काका मागच्या भिंतीला टेकून उभे होते.

जज्जसाहेबांनी काकांच्या वकिलांना विचारलं, "बोळ नव्हता असं तुमचं म्हणणं आहे का?"

"साहेब, सगळंच नाकारलेलं आहे."

"तेच विचारतोय. सगळं नाकारलंय. विहीरही नाकारली आहे. विहीर कुठं आहे?"

मागं कुणीतरी हसलं. वकिलांनी पानं चाळली, मग म्हणाले, "टंकलेखनात चूक झालेली दिसते, साहेब. दुरुस्तीसाठी मुदत मिळावी."

पुन्हा मुदत. मी आमच्या वकिलांची बाही ओढली. पण जज्जसाहेब म्हणाले, "दुरुस्तीचं नंतर बघू. प्रतिवादी हजर आहेत ना? त्यांनाच विचारू."

काका पुढं आले. टोपी काढून हातात धरली, मग कुठं ठेवावी ते कळेना म्हणून पुन्हा डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. शपथ झाली.

"भिंत घालायच्या आधी तिथून वाट होती का?"

"व्हती."

"कुणी सोडली होती?"

"आमी दोघांनीच. फक्की मीच टाकली व्हती." त्यांचे वकील खाकरले. काकांनी तिकडे पाहिलं नाही.

"वादी चालू शकतात का?"

काका हातातल्या टोपीकडे बघायला लागले. सगळा दावा ह्याच एका गोष्टीवर उभा होता. चालता येत असेल तर बोळ पुरेसा होता, नसेल तर नव्हता. मी मनात म्हणत होते, बोला, आता बोला. एवढे दिवस ज्या माणसाला मी बसमध्ये पाठ दाखवून उभी होते तो मला पहिल्यांदा इतका म्हातारा दिसला.

"नाय साहेब."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच आनलं व्हतं ना त्याला. खांबाखालून. पाठीवर."

जज्जसाहेब लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि कैफियतीचं शेवटचं पान पुढं धरलं. "मग हे? ही सही तुमची आहे. वाचून केली की न वाचता?"

साहेबांनी दार उघडंच ठेवलं होतं. न वाचता म्हणाले असते तर कुणी काही म्हटलं नसतं, तिथं निम्मे लोक न वाचताच सही करतात. आणि मला, जिला त्यांना खोटं पाडायचं होतं, मलाच त्या क्षणी वाटलं, म्हणा काका. नाही वाचलं म्हणा. मला घरी जाऊन दादांना ते सांगायचं होतं.

"वाचलं व्हतं," काका म्हणाले.

"वाचलं होतं?"

"लय येळा वाचलं. मी ईचारलं पन. वकीलसाहेब म्हन्ले, कोर्टात असंच लिवायचं असतं."

पुढच्या तारखेला निकाल लागला. जे कबूल झालं त्यावरच लागला, साक्षीदार नाहीत, पुरावा नाही. भिंत बोळातून मागं घ्यायची. आमच्या वकिलांनी माझ्याशी हात मिळवला, म्हणाले, "अर्धं आयुष्य गेल्यावर असा निकाल मिळाला मला." त्यांना फार आनंद झाला होता. काकांना त्यांचे वकील अपील करू म्हणत होते. काका नुसती नाही म्हणून मान हलवत होते.

पण मी ज्या दिवशी जबाब झाला त्या दिवसाचं सांगत होते. परतीच्या बसला गर्दी नव्हती. काका चढले आणि जागा असूनही दारापाशी उभे राहिले. मी पुढं उभी. घरी आले तर दादा उशाशी पेपर ठेवून माझी वाट बघत होते. चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "विचारलं का गं त्याला?"

"जज्जांनी विचारलं."

"मग?"

माझी जीभ नेहमी पायांच्याही पुढं धावायची. त्या दिवशी तिला कुठं जावं ते कळेना. आई चुलीशी होती, तिनं पातेल्यावरचं झाकण हातात धरून ठेवलं होतं.

"वाचलं होतं म्हणाले," मी म्हटलं. "तुम्हाला चालता येत नाही हेही म्हणाले. स्वतःच्या तोंडानं. पण वाचलं होतं."

दादांनी पेपर उचलला. तोंडासमोर धरला. पान काही उलटलं नाही.

भिंत काकांच्या मुलानं माणसं लावून पाडली. लेथ दुसऱ्या बाजूला नेला. पहिल्यासारखा रुंद बोळ समोर आला आणि मी तीनचाकी पुसून, दांड्याला तेल घालून खाटेजवळ उभी केली. दादा म्हणाले, "आज नको." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पाय दुखतायत." त्यांचे पाय दुखण्याचा प्रश्नच नव्हता.  संध्याकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला वेड लागायची पाळी आली. मी म्हटलं, "कशासाठी केलं मी हे? कशासाठी रोज त्या वकिलाच्या दारात उभी राहिले?" आई मला गप्प करत होती. "वाट पाहिजे होती ना तुम्हाला? ही घ्या वाट."

"त्याच्या खिडकीखालून जायचं," दादा भिंतीशीच बोलले. "दिसला तर काय बोलू त्याच्याशी?"

 कुठल्या कलमात हे बसलं असतं? मी बाहेर जाऊन शेवग्याच्या बुंध्याशी फेऱ्या मारत राहिले. त्या दिवसांत मला दादांचा राग यायचा, काकांचा यायचा, त्या मोघम कागदाचा तर यायचाच. बोलून टाकलं असतं साफ, की हो, अडवली वाट, माझ्या पोराच्या धंद्यापायी अडवली, तर दादांनी ते समजून घेतलं असतं. पोटापाण्याचं दादांना कळत होतं.

मग एका संध्याकाळी काका आले. दावा लागल्यापासून आमच्या दारात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. हातात सायकलचा पंप होता. आत आले, तीनचाकीशी उकिडवे बसून एकेका चाकात हवा भरली. दादा कुशीवर वळून ते बघत होते. पंपाचा आवाज थांबल्यावर काका म्हणाले, "चल. इहारापातुर सोडतो."

दादा म्हणाले, "सोडायला कशाला पाहिजे? मला चालता येतं. तू सही करून दिलंयस."

काकांनी पंप खाली ठेवला.   खाटेपाशी आले, दादांकडे पाठ केली आणि खाली बसले, दोन्ही हात मागं करून. असेच ते त्या पावसात खांबाखाली बसले असणार. त्यांचा सदरा पाठीवर विरला होता. ते तसेच बसून राहिले. म्हातारा माणूस, तरी उठले नाहीत.

दादा त्या पाठीकडे बघत होते. मला एका जागी उभं राहवत नव्हतं आणि मी हललेही नाही. मग दादांनी एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला. मग दुसरा. काका कण्हत उठले आणि त्यांना खाटेवरून तीनचाकीवर नेऊन बसवलं, तेवढंच, चार हातांच्या अंतरावर. दादांनी धोतर नीट केलं, पेपर मांडीखाली घेतला आणि स्वतःच दांडा फिरवायला लागले. काका मागून चालले. हात लावला नाही.

बोळात भिंतीचा पाया तेवढा राहिला होता, जमिनीच्या वर बोटभर. पुढचं चाक त्याला अडलं. दादांनी जोर लावला, चाक चढलं आणि परत मागं आलं. पुन्हा लावला. काका मागं हात बांधून उभे, काकू खिडकीत. मी पुढं व्हायला निघाले तशी आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

दादांनी मान वळवली नाही.

"ढकल की," म्हणाले.